दोन चित्रांच्या मधलं

माझं पोट ड्रॉइंगवर चालतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथ-मिलिंगचं वर्कशॉप होतं. तिथे शाळकरी वयातच मी कागदावरच्या रेषा वाचायला शिकले, पुढे मेकॅनिकल इंजिनीअर झाले आणि नोकरीच्या निमित्ताने दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात येऊन यंत्रांचे भाग रेखाटू लागले. ड्रॉइंगवर माप असतं, टॉलरन्स असतो, पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा तेही लिहिलेलं असतं. जॉब कसा धरायचा, टूल कुठून आत न्यायचं, शेवटचा कट घेताना हात कुठे हलका सोडायचा, हे मात्र लिहिलेलं नसतं. ते कारागिराला माहीत असतं. तो कारागीर गेला आणि त्याच्या हाताखाली कुणी तयार झालेलं नसलं, तर ड्रॉइंग कपाटात नीट घडी घालून ठेवलेलं असूनही तो भाग पुन्हा तसा होत नाही.

सुवॉनमध्ये तलवार शिकायला लागले तेव्हा एका अख्ख्या देशाची विद्या या अवस्थेतून गेलेली आहे, याची मला कल्पना नव्हती.

कोरियाच्या जुन्या युद्धकलांचा सगळ्यांत मोठा आधार म्हणजे ‘मुयेदोबोथोंगजी’ हा १७९० साली छापलेला सचित्र ग्रंथ. भाले, काठ्या, तलवारी, मुष्टियुद्ध आणि घोड्यावरची कसबं अशा चोवीस विद्या त्यात आहेत. जोंगजो या राजाच्या आज्ञेने तो तयार झाला, आणि सुवॉनमध्ये राहणाऱ्या माणसाला जोंगजो टाळता येत नाही. सुमारे पावणेसहा किलोमीटर लांबीची जी तटबंदी आजही या शहराच्या जुन्या भागाला वेढून आहे, ती त्यानेच १७९४ ते १७९६ या काळात बांधून घेतली. बापाच्या आठवणीपायी तो या भागाकडे ओढला गेला. त्याचे वडील, युवराज सादो, यांना १७६२ साली त्यांच्याच वडिलांनी, योंगजो राजाने, तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत कोंडलं आणि त्या पेटीतच त्यांचा अंत झाला. जोंगजो तेव्हा लहान होता. गादीवर आल्यावर त्याने १७८९ साली वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली. त्याच्या पुढच्याच वर्षी हा ग्रंथ छापून बाहेर पडला.

या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत असं मला वाटतं. कारण चोवीस विद्यांपैकी अठरा सादोच्या पुस्तकातून आल्या आहेत. जपानशी झालेल्या युद्धाच्या अखेरीस, १५९८ साली, हान ग्यो याने सहा शस्त्रांचं एक छोटं पुस्तक केलं होतं. सादोने १७५९ साली त्यात बारा विद्यांची भर घातली. मुलाने घोड्यावरच्या सहा जोडल्या आणि चोवीस पूर्ण केल्या. ज्या बापाचं नाव दरबारात उघडपणे घेणंही अवघड होतं, त्याचं काम मुलाने राजमुद्रेखाली छापून घेतलं. इतिहासाच्या पुस्तकात हे एका वाक्यात उरकतं. मी मात्र प्रत्येक वेळी तिथे थबकते.

ग्रंथ ज्यांनी घडवला तेही थबकायला लावणारे आहेत. ई दॉकमू आणि पाक जेगा हे दोघे राजाच्या ग्रंथालयातले विद्वान. दोघेही दुय्यम पत्नीच्या वंशातले, म्हणून मोठ्या पदांची वाट त्यांना जन्मापासूनच जवळपास बंद. तिसरा पेक दोंगसू हा हाडाचा लढवय्या, ई दॉकमूचा मेहुणा, आणि तोही तशाच घराण्यातला. दोघे लिहिणार आणि तिसरा प्रत्यक्ष करून पाहणार, सैनिकांकडून करवून घेणार, अशी ती वाटणी होती. पुस्तक अभिजात चिनी भाषेत आहे, पण साध्या शिपायालाही उमगावं म्हणून हंगुल लिपीतला कोरियन अनुवाद वेगळ्या खंडात जोडलेला आहे. ज्याला हे हातात धरायचं आहे त्याला ते वाचता आलं पाहिजे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

ग्रंथ छापला गेला त्याच साली, १७९० मध्ये, आपल्याकडे महादजी शिंद्यांच्या कंपूंनी पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकल्या होत्या, बंदुका आणि तोफांच्या जोरावर. कोरियन सैन्यातही बंदूकधारी होतेच. तरीही एका राजाने तलवारीचे पवित्रे एकेक करून लाकडी ठशांवर कोरून घेतले. तो काळ त्या विद्येचा शेवटचा बहर ठरणार होता.

आमचं दोजांग, म्हणजे शिकण्याची जागा, एका साध्या व्यापारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. तळाला कोंबडी तळून विकणाऱ्याचं दुकान, मधल्या मजल्यावर मुलांची गणिताची शिकवणी. दुपारी पिवळी व्हॅन शाळांच्या फाटकांवरून मुलं गोळा करून आणते, संध्याकाळी तीच व्हॅन त्यांना घरोघरी सोडते, आणि मग आम्हा मोठ्यांचा वर्ग सुरू होतो. कोरियातली बहुतेक दोजांगं मुलांच्या फीवरच उभी आहेत. २०२३ मध्ये या देशाचा जननदर ०.७२ वर आला. आमचे सर, म्हणजे दोजांगचे प्रमुख, ग्वानजांगनिम, या आकड्याबद्दल बोलताना वर्तमानपत्रातली बातमी सांगितल्यासारखं बोलत नाहीत. व्हॅनमधल्या रिकाम्या सीटा त्यांना रोज दिसतात.

इथे मुख्यतः शिकवतात ते हेदोंग गम्दो; गम्दो म्हणजे तलवारविद्या. ही पद्धत १९८० च्या दशकात आकाराला आली. तिचे प्रवर्तक तिचं मूळ गोगुर्यो या प्राचीन राज्यातल्या योद्ध्यांपर्यंत नेतात. त्या काळापासून आजपर्यंतची सलग साखळी दाखवणारा कागदोपत्री पुरावा मात्र नाही. शिवाय कोरियात दुसरं गम्दो आहे, बांबूची तलवार आणि चिलखत घालून समोरासमोर खेळायचं. ते म्हणजे जपानी केंदोचंच कोरियन रूप. १९१० ते १९४५ या जपानी अमलात ते शाळांतून आणि पोलिस दलातून रुजलं आणि स्वातंत्र्यानंतरही टिकलं. आणि तिसरं, ग्रंथातून वाचून पुन्हा उभं केलेलं. आमच्या सरांचा जीव या तिसऱ्यात आहे. हेदोंगचे पट्टे आणि परीक्षा चालू असतात, पण शनिवारी सकाळी ज्यांना हवं त्यांच्यासाठी ते ‘बोनगुकगम’ घेतात. ही त्या ग्रंथातली, कोरियाची स्वतःची म्हणून नोंदवलेली तलवार.

त्या शनिवारपर्यंत पोचायला बराच काळ लाकडी तलवारीवर घालवावा लागतो, आणि तो काळ वगळता येत नाही. आत येताना झेंड्याला मान लववायची, फरशी पुसायची, गुडघ्यांवर बसून डोळे मिटायचे. मग घोडेस्वाराचा पवित्रा. पाय खांद्यांहून रुंद, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, आणि त्या स्थितीत डोक्यावरून समोर वार. मोजणी कोरियनमध्ये: हाना, दुल, सेत, नेत. मांड्या थरथरू लागतात तेव्हा माणूस खांद्यांनी वार करायला लागतो. सर ते बरोबर हेरतात आणि मागून येऊन फक्त खांद्याला बोट लावतात.

तलवार दोन्ही हातांनी धरायची, उजवा हात मुठीपुढच्या चकतीजवळ, डावा मुठीच्या टोकाला. उजव्या हाताचं माणूस सगळं उजव्यानेच करू पाहतं. पण बळ डाव्याचं, त्यातही करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचं. उजवा नुसती दिशा दाखवतो. हे कळायला क्षण लागतो आणि अंगात यायला ऋतू जातात. घट्टे कुठे पडलेत यावरून सर माणूस ओळखतात. नवीन माणसाच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी लाली असते. मुरलेल्याच्या डाव्या तळव्यावर, शेवटच्या दोन बोटांखाली, दोन टणक गाठी असतात आणि उजवा तळवा मऊ असतो.

पुढे धार नसलेली धातूची तलवार मिळते. हिच्या पात्यात मुठीकडून टोकाकडे जाणारी एक लांब खोबण असते. वार करताना पातं ज्या दिशेने चाललं आहे त्याच दिशेला धार असली, तर ही खोबण हवेत शीळ घालते, स्वच्छ, थोडी वरच्या पट्टीतली. मनगट जरासं वळलं, पातं अंशभर तिरपं झालं, की तो आवाज फाटतो, नाहीतर येतच नाही. माझ्यासारख्या मोजमापात वाढलेल्या बाईला याचं फार अप्रूप वाटलं. कुणी सांगायला नको, आरसा नको. एक पूर्ण हिवाळा मी त्या आवाजामागे घालवला. डोक्यावरून निघताना आवाज नाही, छातीच्या पातळीवर अर्धाच, कमरेला येऊन थांबताना पुन्हा नाही. आणि मग एका संध्याकाळी वाराच्या सुरुवातीपासूनच तो सुरू झाला आणि थांबेपर्यंत टिकला. सरांनी पाठमोरे असतानाच मान हलवली. दोजांगमधली दहा-बारा माणसं एकाच वेळी वार करत असताना ते कुणाची शीळ कशी ओळखतात, हे मला अजूनही उमगलेलं नाही.

खऱ्या धारेची तलवार वेगळीच. कोरियात १५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याची तलवार बाळगायची तर पोलिसांचा परवाना लागतो. आमच्याकडे ती सरांच्या कुलपात असते आणि पेंढा कापायच्या दिवशीच बाहेर निघते. भाताच्या पेंढ्याची घट्ट बांधलेली गुंडाळी आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवतात, सकाळी निथळायला उभी करतात. कोरडा पेंढा धारेखाली फुटतो आणि इकडेतिकडे उडतो. भिजलेला वजनदार होतो आणि कापू देतो. खालच्या खुंट्यावर ती गुंडाळी उभी रोवतात. त्या दिवशी वर्गात कुणी मोठ्याने बोलत नाही. मुलं भिंतीला टेकून बसतात.

वार वरून खाली, तिरका. जोर लावला की पातं पेंढ्यात अर्ध्यावर अडकतं आणि गुंडाळी खुंट्यासकट कलंडते. जोर काढून घेतला आणि कोन नीट साधला, तर हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. आपण कापलं की हुकलो हे क्षणभर कळत नाही. मग वरचा तुकडा कापलेल्या तिरक्या पृष्ठभागावरून हळूच सरकतो आणि पडतो. तो तुकडा मी उचलून पाहिला होता. प्रत्येक काडीचं तोंड एका पातळीत, ओलं, हिरवट-पिवळं, आणि त्यातून भाताच्या खळ्याचा वास येत होता. पातं लगेच पुसावं लागतं. पेंढ्याचं पाणी पोलादावर राहिलं तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. पुसायचं, तेल लावायचं, मग म्यान. डाव्या हाताने म्यानाचं तोंड झाकून धरायचं, पात्याची पाठ त्या हाताच्या खाचेतून मागे सरकवत न्यायची, टोक सापडलं की आत सोडायचं, आणि हे सगळं खाली न बघता. आधी वार शिकवतात आणि म्यान करणं नंतर, असं मला वाटलं होतं. इथे दोन्ही एकाच दिवशी सुरू होतं आणि म्यान करण्याकडे सरांचं लक्ष जास्त असतं.

शनिवारचं सांगते, कारण मला खरं सांगायचं आहे ते त्या शनिवारांबद्दल.

बोनगुकगममध्ये पवित्र्यांना नावं आहेत आणि ती ऐकूनच अंग जागं होतं. सोन्याचा कोंबडा एका पायावर उभा. वाघ रानात दडलेला. गवत बाजूला सारून साप शोधणं. पांढरं वानर गुहेतून बाहेर पडणं. शेवटी दोन गेंडे झुंजतात आणि मालिका संपते. ग्रंथात यांतल्या एकेका पवित्र्याचं चित्र आहे, सैनिकी वेशातला माणूस, तलवार कुठे, पाय कुठे. सोबत मजकूर आहे, अगदी कमी शब्दांत: डावीकडे वळा, तलवार उचला, उजवा हात आणि उजवा पाय, एक वार. शेवटी पूर्ण मालिकेचा आराखडा, सैनिक कुठून कुठे जातो हे दाखवणाऱ्या छोट्या आकृत्यांचा. ड्रॉइंग म्हणून पाहिलं तर काम उत्तम आहे. मी व्यवसायाने हे म्हणू शकते.

पण एका चित्रातून दुसऱ्यात जायचं कसं, ते कुठेही नाही. १७९० साली त्याची गरजही नव्हती, कारण जांगयोंगयॉंग या राजाच्या पहारा-पलटणीत ते रोज करणारी माणसं होती. पुस्तक त्यांच्या आठवणीला आधार म्हणून होतं. मग १८९४ च्या सुधारणांत जुनी लष्करी व्यवस्था मोडीत निघाली, १९०७ साली उरलेलं सैन्यही बरखास्त झालं आणि तीन वर्षांनी देशच गेला. चित्रं उरली, पण एका चित्रातून दुसऱ्यात जाणारे पाय उरले नाहीत.

आज सुवॉनच्या राजवाड्यासमोर, सिनपुंगनू दरवाज्यापुढच्या मोकळ्या जागेत, चोवीस विद्यांचं प्रात्यक्षिक होतं. पर्यटक टाळ्या वाजवतात, लहान मुलं तोंड उघडं टाकून बघतात. ते बघून भारावलेली मी शनिवारी सरांना विचारलं, “हे सगळं त्या काळी असंच करत होते ना?”

सरांनी थोडा वेळ घेतला. म्हणाले, “पवित्रे असेच. मधलं आम्ही भरलंय. तुम्हाला मी जे शिकवतो त्यातलंही मधलं मी भरलंय.”

मग त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. प्रत्येक पानावर ग्रंथातल्या चित्राची छायाप्रत चिकटवलेली, शेजारी पावलांच्या खुणा. ग्रंथात आहे ते काळ्या शाईने, त्यांनी स्वतः ठरवलं ते निळ्या पेन्सिलीने. काही पानांवर निळं दोन-तीनदा खोडून पुन्हा लिहिलेलं. काही ठिकाणी समासात लहान अक्षरात कारण: अमुक पावलाने तोल जातो, अमुक वळणात पाठ शत्रूकडे होते, पुढच्या पवित्र्यात उजवा पाय पुढे लागतो म्हणून इथे डावा टेकला. सबंध वहीत काळ्यापेक्षा निळं जास्त.

त्या वहीने माझा या माणसावर विश्वास बसवला. युद्धकलेच्या जगात प्राचीनतेचा हव्यास फार. शिकवणाऱ्याला आपली विद्या हजारो वर्षांची म्हणून सांगावीशी वाटते, आणि शिकणाऱ्यालाही ते ऐकायला आवडतं. मलाही आवडलं असतं. ग्रंथाचे कर्तेही यातून सुटलेले नाहीत. बोनगुकगमचं मूळ ते सिल्ला या प्राचीन कोरियन राज्यातल्या ह्वांगचांग या मुलाच्या दंतकथेशी नेतात, ज्याने तलवारीचा नाच करता करता शत्रुराजाला ठार मारलं. पण त्याच ग्रंथात दुसरी बाजूही आहे. ज्या जपान्यांनी देश उद्ध्वस्त केला, त्यांची तलवार या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण म्हणून आहे, नाव घेऊन, चार परंपरांसह. सुकजोंग राजाच्या काळात किम चेगॉन हा सैनिक ती विद्या मिळवण्यासाठी जपानला जाऊन आला, हेही तिथे नोंदलेलं आहे. शत्रूकडून घेतलं, तर घेतलं म्हणून लिहिलं. सर आम्हाला एकदा आसानला घेऊन गेले होते. तिथल्या ह्यॉनचुंगसा स्मारकात सेनापती ई सुनसिन यांच्या दोन तलवारी आहेत, १५९४ साली घडवलेल्या, माणसापेक्षा लांब, जवळजवळ दोन मीटरच्या. जपानी आरमाराचा ज्याने कणा मोडला त्या माणसाच्या तलवारींच्या घडणीत जपानी पद्धतीची छाप आहे, असं जाणकार सांगतात. काचेपाशी उभे राहून सर आम्हाला नेमकं हेच दाखवत होते, अगदी सरळ, कुठेही कमीपणा न मानता.

वहीतली निळी पेन्सिल मला याच जातीची वाटते. तुटलेली विद्या पुन्हा उभी करणं हे हलकं काम नाही, आणि तुटली होती हे सांगितल्याने ते काम हलकं होत नाही. उलट कुठला भाग किती भरवशाचा हे कळतं. पुढचा माणूस निळं खोडू शकतो, त्याच्याहून चांगलं भरू शकतो. सगळंच काळ्या शाईने लिहिलं, तर पुढच्याला हात घालायला जागाच उरत नाही.

कोल्हापूरला माझ्या लहानपणी पेठेतल्या तालमीची मुलं मर्दानी खेळ करायची. लाठी, फरी-गदका, पट्टा. मी कडेला उभी राहून पाहायची. मुलींना तेव्हा आमच्या भागात आत घेत नसत, आता घेतात, आणि छान पट्टा फिरवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला तेव्हा सुवॉनमध्ये बसून मी सगळ्या ग्रुपवर ती बातमी पाठवली होती. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. तालमीत वस्तादाच्या पायाकडे बघत, मागे मागे पावलं टाकत मुलं शिकतात. माझ्या पाहण्यात कुणाच्या हाती पवित्र्यांचं चित्र नव्हतं. जे कोरियात हरवलं, तेच आपल्याकडे हातोहात उरलं आहे. मागच्या दिवाळीत मी तालमीत जाऊन वस्तादांना विचारलं, “तुमची पावलं कागदावर उतरवू का?” ते म्हणाले, “उतरव की. पण पोरी, आधी चार महिने पाय टाक, मग पेन्सिल धर.” त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. सुट्टी तेवढी नव्हती. पुढच्या वर्षी लांब रजा टाकण्याची खटपट चालू आहे, कारण वस्तादांचं वय झालं आहे.

सध्या शनिवारी आमचा वाद चालला आहे तो सोन्याच्या कोंबड्यावर. मजकुराचा आशय असा, की डावीकडे वळत तलवार आणि डावा पाय उचलायचा आणि मागे पाहायचं; लगेच पुढे, उजव्या हाताने आणि उजव्या पायाने मागच्या दिशेला एक वार. उचललेला डावा पाय ठेवायचा कुठे, ते नाही. सरांच्या वहीत तो वळून पूर्ण पुढे टाकलेला आहे आणि त्यावरून उजवा पाय आणखी पुढे येतो. मागचा शत्रू अंतरावर असणार, ते अंतर तोडायला दोन पावलं हवीत, हा त्यांचा युक्तिवाद. माझं म्हणणं, पाय जवळजवळ तिथल्या तिथे टेकवावा. हे पुस्तक रांगेत उभ्या असलेल्या शिपायांसाठी होतं. रांगेतल्या माणसाच्या मागे दोन पावलांची जागा कुठून येणार? शिवाय एका पायावर तोल धरल्यानंतर लांब पाऊल टाकलं की वार उतरताना कंबर मागे राहते आणि माझ्या पात्याची शीळ तिथे फाटते. सर म्हणाले, ती तुमची कंबर आहे, शिपायाची नव्हे. त्यांनी माझ्याकडून दोन्ही तऱ्हेने पुन्हा पुन्हा करवून घेतलं, मग एका तरुण विद्यार्थ्याकडून, मग साठीच्या एका आजोबांकडून. आजोबांचं मत माझ्या बाजूने पडलं, तरुणाचं सरांच्या.

पट्ट्याच्या येत्या परीक्षेत मी माझ्या वाचनाने करून दाखवावं, असं सरांनी सुचवलं आहे. परीक्षक बाहेरचे असतात आणि असं का केलं हे विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा म्हणाले. मी त्या पावलाची तीन ड्रॉइंग केली आहेत, वरून, समोरून आणि डावीकडून, वजन कुठल्या पायावर किती ते बाणांनी दाखवून. सरांनी त्यातलं वरून दिसणारं ड्रॉइंग कापून वहीत चिकटवलं, त्यावर निळ्या पेन्सिलीने तारीख टाकली, आणि स्वतःचं जुनं वाचन न खोडता त्याच्या शेजारीच राहू दिलं.